परदेशांतून येणारा पैसा व बँकेचा स्विफ्ट कोड

आपल्याकडील शेतकऱ्याचा परदेशाशीं पैशाचा संबंध पूर्वीं फारसा येत नसे. माल अडत्याकडे गेला, पट्टी हातीं आली, कीं व्यवहार संपला. आतां तशी स्थिति राहिलेली नाहीं. नाशिक-सांगलीकडील द्राक्षें नेदर्लंड्स व इंग्लंड येथील बाजारांत जातात, कोंकणचा हापूस आखाती देशांत जातो, आणि कित्येक कुटुंबांतील एखादा मुलगा दुबईस, जर्मनींत वा अमेरिकेंत नोकरीस असून तेथून घरीं पैसे पाठवीत असतो. हा पैसा बँकेमार्फत येतो. आणि तो पाठवितांना पलीकडील मनुष्य पहिली मागणी करतो ती "तुमच्या बँकेचा स्विफ्ट कोड कळवा" ही. तिचा अर्थ नीट ध्यानांत न आल्यामुळें हाताशीं असेल तो कोड, बहुधा पासबुकावरील आय. एफ. एस. सी., कळविला जातो. मग रक्कम वाटेंत अडकते अगर कापाकापी होऊन परत जाते. मजुरी, औषधांची उधारी व कर्जाचा हप्ता हीं मात्र कोणासाठीं थांबत नाहींत. ज्यांस ३१ मार्चच्या आंत पीककर्ज फेडून व्याजाची सवलत मिळवावयाची असते, त्यांस तर आठ दिवसांचा विलंबही महाग पडतो. म्हणून ह्या कोडाची रचना काय, त्याचें काम किती आणि तें काम कोठें संपतें, ह्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

पैसा जात नाहीं, निरोप जातो

आरंभींच एक गोष्ट मनांत पक्की धरिली पाहिजे. परदेशांतून पैसे येतात म्हणजे नोटांची थैली समुद्रापलीकडून येते असें नव्हे. येतो तो निरोप. हुंडीचा व्यवहार ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल, त्यांस हें सहज उमगेल. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरून काशीच्या पेढीवरची हुंडी घेतली, तर ते रुपये कांहीं काशीस जात नसत. दोन्ही पेढ्यांचें आपसांत खातें असे. पुण्याच्या पेढीच्या लेखी सांगण्यावरून काशीची पेढी आपल्या तिजोरींतून रक्कम देई, आणि हिशेब मागाहून दोघींत होई.

आजच्या बँकांचा परदेशी व्यवहार ह्याच तत्त्वावर चालतो. आपल्या बँकेनें परदेशांतील एखाद्या मोठ्या बँकेंत तेथील चलनाचें खातें उघडून ठेविलेलें असतें. ह्यास नॉस्ट्रो खातें म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ "आमचें" असा आहे. समजा, रॉटरडॅमच्या व्यापाऱ्यानें आपल्या बँकेस सांगितलें कीं, महाराष्ट्रांतील अमक्या बागाइतदारास दहा हजार युरो द्या. त्याची बँक ती रक्कम त्याच्या खात्यांतून वजा करते, ती आपल्या बँकेच्या युरो-खात्यांत जमा होते, आणि आपल्या बँकेस निरोप येतो कीं, "रक्कम तुमच्या खातीं जमा आहे, ती तुम्ही अमक्या नंबरच्या खातेदारास द्या." आपली बँक त्या दिवशींच्या भावानें युरोचे रुपये करून शेतकऱ्याच्या खातीं जमा करते. दोन बँकांचा परस्परांशीं खात्याचा संबंध नसेल, तर मध्यें तिसरी बँक घ्यावी लागते, आणि ती आपला आकार कापून घेते.

हा निरोप चुकीच्या दारीं जाऊं नये म्हणून प्रत्येक बँकेस एक ठराविक पत्ता नेमून दिला आहे. तोच स्विफ्ट कोड. त्यासच कांहीं कागदांवर बी. आय. सी. असें लिहिलेलें असतें. दोन्ही एकच समजावीं.

ही व्यवस्था कोणाची

पूर्वीं बँका परस्परांस टेलेक्स यंत्रानें कळवीत. जो तो आपापल्या शब्दांत लिही, आणि आलेला मजकूर खरा कीं बनावट हें ताडून पाहण्यास गुप्त आंकड्यांची जुळणी हातानें करावी लागे. त्यांत वेळ फार जाई व चुकाही होत. ही अडचण दूर करण्यासाठीं १९७३ सालच्या मे महिन्यांत १५ देशांतील २३९ बँकांनीं बेल्जममधील ब्रसेल्स येथें एक संस्था काढली. तिच्या लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला "स्विफ्ट" म्हणतात. १९७७ सालीं तिच्या तारांवरून निरोप जाऊं लागले. आज २०० हून अधिक देशांतील ११,००० हून अधिक बँका व वित्तसंस्था तिच्याशीं जोडलेल्या आहेत.

आमच्या वाचकांस विशेष वाटावी अशी गोष्ट ही कीं, एवढी मोठी संस्था सहकारी तत्त्वावर नोंदलेली असून तिच्या मालक तिच्या सभासद बँकाच आहेत. ती स्वतः बँक नव्हे. ती कोणाची ठेव घेत नाहीं, कोणास कर्ज देत नाहीं, आणि कोणाचा पैसाही नेत नाहीं. टपालवाल्याप्रमाणें ती फक्त निरोप पोहोंचविते. म्हणून "स्विफ्टनें माझे पैसे अडविले" असें म्हणण्यांत अर्थ नसतो. पैसे अडतात ते कोणत्या तरी बँकेंत, आणि विचारणाही बँकेंतच करावी लागते.

कोडाची फोड

महसूल दप्तरांत जमिनीचा पत्ता जिल्हा, तालुका, गांव, गट नंबर व पोटहिस्सा अशा क्रमानें लिहितात. प्रत्येक शब्दागणिक शोधाचें क्षेत्र लहान होत जातें, आणि शेवटीं बोट नेमक्या तुकड्यावर येतें. स्विफ्ट कोडाची घडण अशीच आहे, फक्त क्रम थोडा निराळा. कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो. पहिलीं चार अक्षरें बँकेचीं. पुढील दोन देशाचीं. त्यापुढील दोन ठिकाणाचीं. आणि असल्यास शेवटचीं तीन शाखेचीं.

उदाहरणादाखल नेदर्लंड्समधील राबोबँक घेऊं. तिचा कोड इंग्रजी अक्षरांनीं आर-ए-बी-ओ, एन-एल, २-यू असा आहे. "राबो" हें बँकेचें नांव, "एनएल" म्हणजे नेदर्लंड्स, आणि "२यू" ही उट्रेख्ट शहरीं असलेल्या तिच्या मुख्य कचेरीची खूण. ठिकाणाच्या जागीं अक्षराप्रमाणें आंकडाही येऊं शकतो, हें ह्यावरून दिसेल. ही बँक मूळची शेतकऱ्यांचीच आहे. तेथील शेतकऱ्यांच्या सहकारी बँकांच्या दोन संघटना १९७२ सालीं एक झाल्या. एकीच्या नांवांतील "रा" व दुसरीच्या नांवांतील "बो" मिळून "राबो" झालें, आणि ह्यांतील "बो" हें अक्षर ज्या डच शब्दाचें आहे त्याचा अर्थच "शेतकऱ्यांची कर्जबँक" असा आहे.

आतां आपल्या स्टेट बँकेचा कोड पाहूं. एस-बी-आय-एन, आय-एन, बी-बी. पहिलीं चार अक्षरें बँकेचीं, मधलीं दोन भारताचीं, आणि "बीबी" ही ठिकाणाची खूण भारतीय बँकांच्या कोडांत बहुधा मुंबईची असते. ह्यापुढें तीन अक्षरें अगर आंकडे असतील तर ते शाखेचे. कांहींही नसेल, किंवा तीन वेळां "एक्स" असेल, तर निरोप बँकेच्या मुख्य कचेरीस जावयाचा असें समजावें. म्हणून मागणाऱ्यानें अकरा अक्षरें मागितलीं आणि आपल्या बँकेनें आठच दिलीं, तर घाबरण्याचें कारण नाहीं. शेवटीं तीन "एक्स" लिहिले कीं काम भागतें.

आय. एफ. एस. सी. निराळा, आय. बी. ए. एन. निराळा

घोटाळा होतो तो येथें. आय. एफ. एस. सी. कोडही अकरा अक्षरांचा, आणि त्याचीं पहिलीं चार अक्षरेंही पुष्कळदां स्विफ्ट कोडाचींच असतात. स्टेट बँकेच्या दोन्ही कोडांचा आरंभ एस-बी-आय-एन असाच होतो. तथापि ओळखण्याची खूण सोपी आहे. पांचव्या जागीं पाहावें. तेथें शून्य असेल तर तो आय. एफ. एस. सी.; पांचव्या व सहाव्या जागीं मिळून "आय-एन" असेल तर तो स्विफ्ट कोड. चेकवर खालीं छापलेला नऊ आंकड्यांचा नंबर हा तिसराच. तो चेकांची वटवणी करणाऱ्या यंत्रासाठीं आहे.

आय. एफ. एस. सी. हा देशांतल्या देशांत पैसे पाठविण्याचा पत्ता आहे. परदेशांतील बँकेस त्यावरून दार सांपडत नाहीं. तरी तो निरुपयोगी आहे असें मात्र समजूं नये. निरोप आपल्या बँकेच्या मुख्य कचेरींत आला म्हणजे तेथून नेमकी शाखा शोधण्यास तो उपयोगी पडतो. म्हणून दोन्ही कोड कळवावेत, परंतु कोणता कोणत्या रकान्यांत लिहावयाचा हें स्पष्ट लिहावें.

युरोपांतील व आखाती देशांतील माणसें आणखी एक नंबर मागतात, तो आय. बी. ए. एन. हा त्यांच्याकडील खातेनंबर लिहिण्याचा ठराविक नमुना आहे. जर्मनींत तो २२ अक्षरांचा व दुबईकडे २३ अक्षरांचा असतो. भारतांत ही पद्धति चालू नाहीं. सबब तसा नंबर कोणी मागितल्यास "भारतांत आय. बी. ए. एन. नसतो, साधा खातेनंबर लिहावा" असें उत्तर द्यावें. उलट मुलाच्या शिक्षणाची फी आपणांस जर्मनींत पाठवावयाची असेल, तर तेथील शाळेकडून तो नंबर अवश्य मागून घ्यावा.

ह्या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. आय. बी. ए. एन.च्या आरंभीं देशाच्या अक्षरांपाठोपाठ दोन आंकडे पडताळ्याचे असतात; एखादा आंकडा चुकला तर गणिताची जुळणी बसत नाहीं आणि चूक बहुधा तेथल्या तेथेंच पकडली जाते. स्विफ्ट कोडांत असा पडताळा मुळींच नाहीं. एक अक्षर बदललें तर तो कोड कोणाचाच नसेल, किंवा दुर्दैवानें दुसऱ्याच बँकेचा असेल. म्हणून हा कोड फोनवर तोंडीं सांगूं नये. बी, डी, पी व व्ही हीं अक्षरें कानास सारखींच वाटतात. बँकेकडून लेखी घ्यावा व लेखीच पाठवावा.

आपली शाखा व आपली सोसायटी

प्रत्येक शाखेस स्विफ्ट कोड असतोच असें नाहीं. तालुक्याच्या गांवच्या शाखेस तो बहुधा नसतो. अशा वेळीं त्याच बँकेची परदेशी व्यवहार पाहणारी जी नेमलेली शाखा असेल, तिचा कोड द्यावयाचा असतो, आणि ती शाखा रक्कम आपल्या खात्याकडे वळविते. कोणता कोड द्यावा हें आपल्या शाखाधिकाऱ्यासच विचारावें. इकडून तिकडून मिळालेल्या यादीवर विसंबूं नये, कारण बँका एकत्र झाल्यावर जुने कोड बंद पडतात.

परकीय चलनाचा व्यवहार करण्यास रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. गांवच्या विविध कार्यकारी सोसायटीस व पतसंस्थेस तो नसतो, आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसही बहुधा नसतो. ज्यांचें एकुलतें एक खातें अशा ठिकाणीं आहे, त्यांनीं परवाना असलेल्या बँकेंत दुसरें खातें उघडावें, रक्कम तेथें मागवावी, आणि मग ती आय. एफ. एस. सी.च्या आधारें आपल्या सोसायटीच्या कर्जखातीं वळती करावी. हें काम हंगामाच्या आधीं करावें. माल कंटेनरांत चढल्यावर खातें उघडण्यास धांवणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणण्यासारखें आहे.

येथेंच हेंही सांगणें जरूर आहे कीं, जे बागाइतदार बागेवरच निर्यातदारास माल विकतात, त्यांस रुपयांतच पैसे मिळतात. त्यांस स्विफ्ट कोडाची गरज नाहीं. गरज आहे ती स्वतः माल पाठविणाऱ्यास, शेतकरी उत्पादक कंपन्यांस, आणि ज्यांचें माणूस परदेशीं आहे त्यांस.

पाठविणाऱ्यास काय कळवावें

पुढील गोष्टी एका कागदावर स्वच्छ इंग्रजी लिपींत लिहून, बँकेकडून एकदां तपासून घेऊन ठेवाव्यात.

१. खातेदाराचें नांव, पासबुकांत असेल अक्षरशः तसेंच. आपल्याकडे सातबारावर एक नांव, आधार कार्डावर दुसरें व चालू व्यवहारांत तिसरें असा प्रकार फार. कोणी आडनांव लावतो, कोणी "पाटील" लावतो. परदेशी व्यवहारांत नांवें बारकाईनें ताडलीं जातात, आणि नांवांत फरक पडला तर रक्कम अडकून राहते.

२. खात्याचा पूर्ण नंबर, आरंभींचीं शून्यें न गाळतां.

३. बँकेचें व शाखेचें नांव, पत्ता, आणि आय. एफ. एस. सी.

४. स्विफ्ट कोड.

५. ज्या चलनांत रक्कम येणार त्या चलनाच्या मध्यस्थ बँकेचें नांव व कोड, आपली बँक देत असल्यास.

६. रक्कम कशाबद्दल येत आहे तो उद्देश. निर्यात केलेल्या मालाची किंमत, मालापोटीं आगाऊ रक्कम, कुटुंबाच्या निर्वाहासाठीं मुलानें पाठविलेली रक्कम, अशा प्रत्येक कारणास रिझर्व्ह बँकेनें निराळा उद्देश-कोड ठरविला आहे. येथें खरें तेंच लिहावें. प्रसंगानें सांगतों कीं, परदेशस्थ भारतीयास वारसानें आलेली शेतजमीन ठेवतां येते, परंतु सामान्यतः नवी शेतजमीन स्वतःच्या नांवें विकत घेतां येत नाहीं. तशा खरेदीसाठीं पैसे मागविण्यापूर्वींच जाणत्या वकिलास विचारावें; खरेदीखत झाल्यावर फेरफारांत अडचण निघाली तर पैसा व जमीन दोन्ही घोटाळ्यांत पडतात.

कापला जाणारा आकार

बाजारसमितींतील पट्टींत हमाली-तोलाई कोणाकडे धरली हें आपण जसें पाहतों, तसेंच येथेंही पाहावें. बँकांचा आकार कोणीं सोसावयाचा ह्याचे तीन प्रकार आहेत. सर्व आकार पाठविणाऱ्याकडे, सर्व आकार घेणाऱ्याकडे, किंवा ज्याचा त्यानें आपापल्या बाजूचा सोसावा. परदेशी बँका कागदावर ह्यांस अनुक्रमें अवर, बेन व शा असें लिहितात. हें सौद्याच्या वेळींच ठरवून घ्यावें. पूर्ण दहा हजार युरोंचें बिल करून मागाहून कमी रक्कम हातीं आली, तर भांडण्यास जागा राहत नाहीं. युरोचे रुपये कोणत्या भावानें केले, हेंही बँकेस विचारण्याचा हक्क आपणांस आहे.

रक्कम न पोहोंचल्यास

पाठविणारा म्हणतो पाठविली, बँक म्हणते आली नाहीं, अशा वेळीं वाद न घालतां पाठविणाऱ्याकडून निरोपाची नक्कल मागवावी. पूर्वीं ह्या नकलेस एम. टी. १०३ म्हणत, आणि जुन्या बँकवाल्यांच्या तोंडीं अजूनही तेंच नांव आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधील असे परदेशी निरोप आय. एस. ओ. २००२२ ह्या नव्या नमुन्यांत जातात. नमुना कोणताही असो, त्यांत ३६ अक्षरांचा एक माग-क्रमांक असतो. कचेरींतील जावक क्रमांक हातीं असला म्हणजे कागद कोणत्या टेबलावर आहे हें शोधतां येतें. तसाच ह्या क्रमांकाचा उपयोग. तो आपल्या बँकेस लेखी अर्जासोबत द्यावा आणि अर्जाची पोंच घ्यावी. रक्कम आल्यावर परकीय रक्कम आल्याचा दाखला बँकेकडून मागून घेऊन बिलासोबत जपून ठेवावा. निर्यातीच्या हिशेबास तो लागतो.

फसवणुकीपासून सावधगिरी

स्विफ्ट कोड ही गुप्त गोष्ट नव्हे. घराचा पत्ता जसा उघड, तसाच हा कोड उघड. तो दिल्यानें कोणी आपल्या खात्यांतून पैसे काढूं शकत नाहीं. गुप्त आहेत ते पिन, पासवर्ड व फोनवर येणारा ओ. टी. पी. पैसे पाठविण्यासाठीं हीं कोणी मागूं लागला, तर तो पैसे देणारा नसून नेणारा आहे हें ओळखावें.

परंतु दार मजबूत असून किल्ल्या चोराच्या हातीं गेल्या तर काय होतें, हें दोन प्रसंगांवरून दिसून आलें आहे. फेब्रुवारी २०१६ मध्यें चोरांनीं बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरून तिच्या नांवें न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेस ३५ खोटे निरोप धाडले. मागणी सुमारें ९५ कोटि डॉलरांची होती. त्यांपैकीं पांच निरोप पार पडले, आणि ८ कोटि १० लाख डॉलर फिलिपाइन्सकडे गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटि डॉलर मात्र वांचले, कारण ज्या संस्थेच्या नांवें ते चालले होते तिच्या नांवांतील "फाउंडेशन" हा शब्द चुकीचा लिहिला होता, आणि वाटेंतील बँकेस संशय आला. दुसरा प्रसंग आपल्या पुण्याचा. ऑगस्ट २०१८ मध्यें कॉसमॉस सहकारी बँकेवर असाच हल्ला होऊन सुमारें ९४ कोटि रुपये गेले; त्यांतील सुमारें १४ कोटि रुपये खोट्या स्विफ्ट निरोपांनीं हाँगकाँगच्या एका बँकेंतील खात्यांत वळविले गेले.

एवढ्या मोठ्या संस्थांची ही गत, तर लहान व्यापाऱ्यानें अधिकच जपलें पाहिजे. निर्यात करणाऱ्यांस धोका असतो तो बहुधा निराळ्या प्रकारचा. चोर आपल्या किंवा ग्राहकाच्या ई-मेलमध्यें शिरतो आणि ऐन पैसे येण्याच्या वेळीं ग्राहकास लिहितो कीं, "आमची बँक बदलली आहे, ह्या नव्या कोडावर पैसे पाठवा." ग्राहक पाठवितो, आणि वर्षाच्या कष्टाचें मोल तिसऱ्याच्याच खातीं जातें. ह्यावर उपाय हा कीं, "बँकेच्या तपशिलांत कोणताही बदल झाल्यास आमच्याशीं फोनवर प्रत्यक्ष बोलल्याखेरीज तो खरा मानूं नये" असें सौद्याच्या पहिल्याच पत्रांत ग्राहकास लिहून ठेवावें. पहिल्या खेपेस थोडी रक्कम मागवावी, ती बिनचूक आली म्हणजे मग मोठी मागवावी.

सारांश, स्विफ्ट कोड निरोपास बँकेच्या दारापर्यंत आणून सोडतो; दारापासून आपल्या ओटीपर्यंत पैसा आणण्याचें काम खातेनंबराचें व बिनचूक नांवाचें आहे. हीं तिन्ही जुळलीं तर ग्राहकानें दिलेला पैसा वेळेवर हातीं पडतो. ज्या शेतकऱ्यानें वर्षभर बाग जपून माल सातासमुद्रापलीकडे पाठविला, त्यानें शेवटच्या ह्या आठ-अकरा अक्षरांतही तितकीच दक्षता ठेवावी, आणि आपल्या सोसायटीच्या पुढील सभेंत सभासदांस ही माहिती समजावून द्यावी, अशी आमची सूचना आहे.